चिमणीची सात मिनिटं

"खाली बसा! आधी खाली बसा!"

गच्चीचं लोखंडी दार ढकलून त्याने बाहेर पाऊल टाकलं न टाकलं तोच ही आरोळी आली, आणि बॅटरीवाला होता तिथेच मटकन बसला. होता तिथे नेमकं सकाळच्या सरीचं डबकं होतं.

गार पाणी पँटमधून वर चढू लागलं. त्याने ओरडणारीकडे पाहिलं. चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी... डोळ्यांवर मोठा गडद चष्मा, कानांवर हेडफोन, वाऱ्याने तोंडावर येणाऱ्या बटा, आणि उजव्या हातात वायर जोडलेली एक रबरी मूठ, छातीशी घट्ट आवळलेली. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती आभाळाकडे बघत होती.

"मी जरा—"

"बोलू नका."

चार मिनिटं तो डबक्यात बसून राहिला. मग तिने मूठ सैल केली, चष्मा काढला, आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

"अय्या! तुम्ही पाण्यात बसलात?"

"तुम्हीच म्हणालात, बसा."

"अहो, पण पाण्यात कशाला? शेजारी कोरडी जागा होती की!"

"जागा निवडायला वेळ दिलात का?"

तिला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत यायच्या आत तिच्या चेहऱ्यावर भीती पसरली. ती धावत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"वर बघितलं नाहीत ना? नळीच्या समोर? डोळे चुरचुरताहेत? ही किती बोटं?"

"तीन."

"आता?"

"दोन. आणि एका नखाला शाई लागलीय."

तिने हात झटकन मागे घेतला. कान लाल झाले होते तिचे.

त्या गच्चीवर काय चालायचं ते सांगायला हवं. गावाबाहेरच्या टेकाडावर एक दुमजली इमारत होती. तिच्या गच्चीवर पांढरा घुमट, आणि घुमटातून तोफेसारखी डोकावणारी एक नळी. त्या नळीतून प्रकाशाचा एक किरण सुटायचा, डोळ्यांना न दिसणारा, आणि पाचशे किलोमीटर वर फिरणाऱ्या एका छोट्या उपग्रहावर जाऊन पडायचा. उपग्रहाला सगळे चिमणी म्हणायचे. वर गेल्यावर चिमणीचा एक पंख उघडलाच नव्हता, दुसरा अर्धवट उघडला होता. उन्हातून मिळणारी वीज तिला पुरत नव्हती. म्हणून ती डोक्यावरून जाईल तेव्हा, दर खेपेला जेमतेम सात मिनिटं, हा किरण तिच्या अर्ध्या पंखावर धरायचा आणि तिच्या बॅटरीत घोटभर वीज घालायची. तान्ह्या बाळाला चमच्याने दूध पाजावं तसं.

पण त्या सात मिनिटांत त्या वाटेत कुणी आलं तर? विमानातला वैमानिक, एखादा पॅराशूटवाला... न दिसणाऱ्या किरणाने डोळे जायचे आणि कळायचंही नाही. रडार होतं, पण रडारला लहान गोष्टी दिसत नाहीत. म्हणून गच्चीवर एक माणूस लागायचा. हातातली मूठ आवळलेली असेल तोवर किरण चालू. मूठ सुटली की बंद. आणि एकदा बंद झाला की यंत्र थंड व्हायला वीस मिनिटं, म्हणजे ती खेप गेलीच.

त्या माणसाच्या जागेवर ही मुलगी होती. सगळे तिला भागूबाई म्हणायचे, भित्री भागूबाईतली. मुलाखतीत केंद्राच्या प्रमुख मोठ्या बाईंनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला होता, "भीती वाटते का?" बाकी सगळे छाती काढून नाही म्हणाले. ही म्हणाली, "खूप." बाई म्हणाल्या, "उद्यापासून या."

तिची भीती उगाच नव्हती. तिचे बाबा तीस वर्षं वेल्डिंग करत होते, अर्धा वेळ काचेशिवाय. आता त्यांना दारातून आत येणारं माणूस म्हणजे नुसती एक सावली दिसायची. प्रकाश डोळ्यांचं काय करतो ते ती लहानपणापासून रोज जेवताना समोर बघत होती.

आणि बॅटरीवाला? चिमणीची बॅटरी त्याने बनवली होती. ती मरू नये म्हणून दोन पिशव्या घेऊन सहा आठवड्यांसाठी तो इथे आला होता. आल्या आल्या डबक्यात बसला.

*

खाली नियंत्रणाच्या खोलीतून वर गच्चीवर एक फोनलाइन होती, आणि त्या लाइनचा एक नियम होता. खालच्या माणसाने सतत बोलत राहायचं. पाच सेकंद आवाज आला नाही तर लाइन तुटली असं समजून भागूबाईने मूठ सोडायची. आतापर्यंत हे काम रडारवाले काका करायचे. ते एक ते हजार आकडे म्हणायचे, आणि मधेच जांभई द्यायचे. बॅटरीचे आकडे आता बॅटरीवाल्यासमोर असायचे, त्यामुळे काकांनी हेडफोन खुशीने त्याच्या गळ्यात घातला.

"ऐकू येतंय?" पहिल्या दिवशी त्याने विचारलं.

"येतंय. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. गप्प बसलात तर सोडेन."

"बापरे. बरं... सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एकावन्न, सतरा चोक अडुसष्ट, सतरा पाचा पंच्याऐंशी, सतरा सक एकशे चार—"

"एकशे दोन!"

"तुम्ही आभाळ बघताय की पाढे?"

"आभाळ डोळ्यांनी बघते. पाढे कानांनी ऐकते. पुढे म्हणा, तीन सेकंद झाले."

आठवडाभरात पाढे संपले. मग त्याने बॅटरीची माहितीपुस्तिका वाचून दाखवली, ती इतकी कंटाळवाणी होती की काकांना खरंच डुलकी लागली. मग तो स्वतःबद्दल बोलायला लागला. दिवसातून चार खेपा, प्रत्येक खेपेला सात मिनिटं. रोज अठ्ठावीस मिनिटं एक माणूस तुमच्या कानात बोलतो आणि तुम्ही फक्त 'हं' म्हणता... अशाने काय व्हायचं ते होतंच.

दादाबद्दल त्याने सांगितलं ते अशाच एका दुपारी.

"आई-वडील लवकर गेले. दादाने मला वाढवलं. दादा मासेमारीच्या बोटीवर आहे. मला पण नेलं होतं त्याने, एकदाच. मी धक्क्यापासून धक्क्यापर्यंत ओकत होतो. दादा म्हणाला, तू शाळेतच जा बाबा, मासे घाबरतात तुला. ... आहात ना?"

"हं."

"प्रत्येक बोटीवर एक पिवळी डबी असते. बोट संकटात सापडली की डबी हाका मारते. त्या हाका वरून ऐकायला आपली चिमणी. दादाच्या भागात दुसरं कुणी ऐकणारं नाही. म्हणून मी बॅटरी... बत्तीस टक्के झाली बरं का, छान चाललंय... म्हणून मी बॅटरी बनवायला शिकलो. समुद्रावर जाता येत नाही, तर निदान कान लावून बसावं."

ती 'हं' म्हणाली नाही. मूठ मात्र नेहमीपेक्षा जास्त घट्ट आवळली.

खेप संपल्यावर ती खाली आली, तेव्हा त्याने तिच्यासाठी चहा ओतून ठेवला होता. कप हातात देताना तिच्या बोटांचा त्याच्या बोटांना स्पर्श झाला आणि चहा बशीत सांडला. कुणाच्या हातून सांडला ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"तुम्हाला कशाकशाची भीती वाटते हो?" त्याने विचारलं.

"लिफ्टची. कुत्र्यांची. दार आपोआप बंद झालं की. डॉक्टर नुसते 'हं' म्हणाले की."

"आणि माझी?"

"तुमची..." ती बशीतला चहा परत कपात ओतत राहिली. "तुमची वेगळी आहे."

"वेगळी म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. काका बोलावताहेत."

काका झोपले होते.

एका रविवारी तो तिच्या घरी आला. बाबांचा रेडिओ खरखरतोय असं ती लाइनवर बोलून गेली होती, तेवढं निमित्त पुरलं. बाबांनी आधी त्याचा हात हातात घेतला, बोटांची टोकं चाचपली.

"चटके आहेत. डाग देतोस?"

"हो, बारीक तारांना."

"चष्मा लावून?"

"लावून."

"मग बस," बाबा म्हणाले. त्यांच्या दृष्टीने मुलाखत तिथे संपली.

*

पाचव्या आठवड्यात आभाळ भरून आलं ते हटायलाच तयार नव्हतं. ढगातून किरण जात नाही. लोकांना अशा हवेत खिडकीत बसून कुणाची तरी आठवण काढावीशी वाटते. या इमारतीत मात्र पाऊस वाजायला लागला की सगळे बॅटरीच्या आकड्याकडे बघायचे. एक खेप गेली, दुसरी गेली, तीन दिवसांत एकही साधली नाही. बॅटरी चोवीसवर आली, मग सतरावर, मग बारा.

"आठच्या खाली गेली की?" तिने विचारलं.

"की तिची ऊब बंद होते. मग बॅटरी गोठते. मग..."

चौथ्या दिवशी दुपारी बातमी आली. समुद्रात वादळ उठलं होतं. बोटींना परत बोलावलं होतं आणि एक सोडून सगळ्या परत आल्या होत्या. राहिलेली बोट कुणाची, ते बॅटरीवाल्याने फोन करून विचारलं. मग फोन ठेवून तो सगळ्यांकडे वळला.

"दादाची," तो म्हणाला. एवढंच.

चारनंतर ढगांना भोक पडलं. पश्चिमेला निळा तुकडा दिसू लागला, आणि चार चाळीसची खेप नेमकी त्या तुकड्यातून जाणार होती. बॅटरी साडेनऊ. मोठ्या बाई स्वतः खाली येऊन काकांच्या मागे उभ्या राहिल्या. वीज वाचवायला चिमणीचे कान बंद ठेवले होते; ही सात मिनिटं साधली तर ती ते रात्रभर उघडे ठेवू शकणार होती.

भागूबाई वर गेली. वारा होता. ढगांच्या कडा पळत होत्या, उजेड सारखा बदलत होता. तिने मूठ आवळली.

"सुरू," त्याचा आवाज कोरडा पडला होता. "नऊ पॉइंट पाच. ऐकू येतंय ना... नऊ पॉइंट पाच. आज मला दुसरं काही सुचत नाहीये हो. नऊ पॉइंट सहा. चढतेय. नऊ पॉइंट सात..."

दोन मिनिटं झाली. तिसरं चालू होतं. आणि तिला निळ्या तुकड्याच्या कडेला पांढरं काहीतरी दिसलं.

लहान. लांबट. पंखासारखं. हलत नव्हतं, किंवा इतकं सावकाश हलत होतं की ढग हलतोय की ते, कळेना. नळी वळत वळत त्याच दिशेला चालली होती.

"रडार?" ती ओरडली.

"स्वच्छ," काकांचा आवाज लांबून आला. "काही नाही तिथे."

पक्षी असेल. ढगाचा कपटा असेल. किंवा बिनइंजिनाचं विमान, जे रडारला दिसत नाही, आणि त्यात बसलेला कुणीतरी, दोन डोळे असलेला. तिला दादा आठवला. तिने कधी न पाहिलेला दादा, पाण्यावर कुठेतरी. तिला सगळं आठवलं, आणि ते सगळं आठवत असतानाच तिचा हात उघडला.

खाली आवाज थांबला. मग कुणीतरी खुर्ची ढकलल्याचा आवाज आला.

निळा तुकडा मिटला. पांढरं जे काही होतं ते त्यात मिटून गेलं.

*

मोठ्या बाई वर आल्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त भयंकर होतं.

"काय होतं?"

"पांढरं काहीतरी. पंख असल्यासारखं."

"विमान?"

"माहीत नाही."

"कॅमेऱ्यात काही आलेलं नाही. पण कॅमेरा चिंचोळा बघतो." बाईंनी क्षणभर तिच्या खांद्यावर हात ठेवला. "लिहून ठेव. जसं दिसलं तसं."

पाऊस परत सुरू झाला. भागूबाई घुमटाच्या भिंतीला टेकून बसली. लोखंडी दार वाजलं, तिने मान वर केली नाही. तो येऊन शेजारी बसला. पाण्यात की कोरड्यात, त्याने बघितलं नाही.

"मला शिव्या द्या," ती म्हणाली.

त्याने गुडघे छातीशी घेतले.

"द्या ना. काहीतरी बोला."

"तू पाहिलंस?" पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

"पाहिलं."

"नक्की?"

"नक्की नाही. नक्की कळेपर्यंत थांबले असते तर ते किरणात आलं असतं."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलायला लागले. ती हात पुढे करायची, मागे घ्यायची... शेवटी तिने त्याच्या ओल्या बाहीचं टोक तेवढं धरून ठेवलं.

"मला आत्ता तुझा राग आलाय," तो म्हणाला. "खूप आलाय. खोटं कशाला सांगू? पण खाली बाईंनी विचारलं, हिची चूक आहे का? मी म्हटलं, नाही. तिला दिसलं म्हणजे दिसलं."

संध्याकाळी सव्वासहाच्या खेपेला आभाळ पूर्ण झाकलेलं होतं. चिमणीला हाक मारली. तिने उत्तर दिलं नाही.

घरी तिने बाबांना सगळं सांगितलं. बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "माझ्या वेळी कुणी असा हात सोडणारं असतं, तर आज तू मला दिसली असतीस." आणि ते उठून भिंत चाचपत आत गेले. तिला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं.

*

सकाळी ती टेकाड चढली तेव्हा आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. बॅटरीवाला खुर्चीतच होता, कालच्याच कपड्यांत. बोटीची काही खबर नव्हती.

"चिमणी बोलत नाहीये," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण ती कुठे असणार ते आपल्याला माहीत आहे. किरण तिथे धरायचा. पंखाला लागला तर लागला. मेली नसेल, नुसती झोपली असेल, तर जागी होईल."

गच्चीवर भागूबाईने मूठ उचलली आणि ती तिच्या हातातून खाली पडली. परत उचलली. बोटं ऐकत नव्हती.

"मला नाही जमणार," ती लाइनवर म्हणाली. "माझा हात थरथरतोय. दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

"दुसरं कुणी वर असेल तर मी इथून किरण सोडूच देणार नाही," त्याचा आवाज आला.

"परत काही दिसलं तर?"

"तर सोड."

"आणि दादा?"

"तरी सोड," तो म्हणाला.

तिने दोन्ही हातांनी मूठ आवळली.

"सुरू. आकडा काहीच नाही. शून्य. ऐकू येतंय ना? शून्य. एक मिनिट झालं... शून्य. काय बोलू? डोक्यात काहीच नाहीये."

"बोला. दोन सेकंद. तीन."

"तू मला आवडतेस."

खाली कुणीतरी जोरात खोकलं. बहुतेक काका.

"आकडा शून्य. आवडतेस, हे मी इथून परत जायच्या दिवशी बसस्टँडवर सांगणार होतो, नीट, केस विंचरून. शून्य. आता सगळ्यांसमोर सांगतोय कारण दुसरं काही आठवतच नाही. शून्य. काल रागावलो होतो तेव्हासुद्धा आवडत होतीस. ते फार विचित्र वाटतं... शून्य. चार मिनिटं झाली. तू उत्तर देऊ नकोस, तू वर बघ."

ती वर बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी येऊ देणं परवडणार नव्हतं, म्हणून ती ते येऊ देत नव्हती. आभाळ मोकळं होतं. इतकं मोकळं की त्याचीच भीती वाटत होती.

"पाच मिनिटं. शून्य. पंखाला लागतंय की नाही कुणास ठाऊक. शून्य. साडेपाच... शून्य... थांब—"

आवाज गेला.

एक. दोन. तीन.

"बोला!" ती किंचाळली. "अहो, बोला, मी सोडेन हं! चार—"

"चार!" तो ओरडला. "चार टक्के! जागी आहे! जागी आहे ती! अगं, सोडू नकोस!"

तिने सोडली नाही. सातवं मिनिट संपून चिमणी क्षितिजाखाली गेली, तरी तिची बोटं उघडेनात. काकांनी वर येऊन एकेक बोट सोडवलं.

पावणेआठच्या खेपेला चिमणीला आणखी वीज मिळाली. तिने कान उघडले, आणि कान उघडल्याबरोबर एक पिवळी डबी ऐकली. जागा कळवली. दुपारी बारापर्यंत सुटकेची बोट तिथे पोचली होती. इंजिन बंद पडलेलं, बोटीत गुडघाभर पाणी, आणि पाणी उपसणारी चार माणसं. चारही जिवंत.

*

"मी येऊ तुमच्याबरोबर?" तो दादाला भेटायला निघाला तेव्हा तिने विचारलं. त्याच्या त्या बोलण्याला तिने अजून उत्तर दिलं नव्हतं आणि त्याने परत विचारलं नव्हतं.

"तुला बसमध्ये सहा तास—"

"मला त्यांना सांगायचंय. मी काय केलं ते. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी."

बसमध्ये तिने सहा तास समोरच्या सीटचा दांडा धरून ठेवला होता. मोठ्या बाईंनी सगळीकडे विचारपूस केली होती. त्या दिवशी दोन बिनइंजिनाची विमानं हवेत होती, पण दोन्हीकडचे म्हणत होते की आम्ही तिकडे आलोच नाही. म्हणजे कळायचा मार्ग नव्हता. कधीच कळणार नव्हतं.

दादा दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले होते. दोर घासून सोलवटलेल्या दोन्ही हातांना पट्ट्या. धाकट्या भावाला बघून ते हसले, मग त्याच्यामागे अर्धवट लपलेल्या तिला बघून भुवया उंचावल्या.

ती पुढे झाली. पाठ केलेलं सगळं विसरली.

"परवा संध्याकाळी किरण मी बंद केला," ती म्हणाली. "केला नसता तर तुमचा पत्ता तेव्हाच लागला असता. तुम्ही रात्रभर जे... ते माझ्यामुळे."

बॅटरीवाला काही बोलायला गेला, दादांनी पट्टी बांधलेला हात वर करून त्याला थांबवलं.

"का बंद केलास?"

"पांढरं काहीतरी दिसलं. वाटलं, कुणी माणूस असेल."

"होता?"

"माहीत नाही. कदाचित काहीच नसेल."

दादांनी हातावरची सुटलेली पट्टी नीट खोचली.

"माझ्या बोटीवर पुढच्या टोकाला एक माणूस उभा असतो," ते म्हणाले. "काही दिसलं की ओरडतो, थांबवा. दहात नऊ वेळा साधा ओंडका निघतो, नाहीतर लाटच. मी दहाही वेळा इंजिन थांबवतो. नक्की का, असं मी त्याला कधी विचारलेलं नाही. विचारलं, तर पुढच्या वेळी तो ओरडायच्या आधी विचार करत बसेल. आणि मग आम्ही सगळे आपटू." त्यांनी श्वास घेतला. "रात्र वाईट गेली. पोरांना वाटलं, संपलं. मलाही वाटलं. पण तुझ्यावर राग नाही माझा. बस. उभी काय राहिलीस? पडशील."

ती बसली. खरं तर तिचे पाय त्याआधीच बसले होते.

"आणि तू रे," दादा भावाकडे वळले, "एवढ्या लांबून आलास, आणि ओकला नाहीस?"

"दादा, मी बसने आलो."

"मग ठीक."

चारला भेटायची वेळ संपली म्हणून नर्सबाईंनी दोघांना बाहेर काढलं. ती दोघं समोरच्या टपरीवर चहा प्यायली, समुद्र बघितला. तिने आयुष्यात पहिल्यांदाच. तिला तो भयानक मोठा वाटला आणि तिने तसं सांगितलं. साडेपाचला, संध्याकाळच्या भेटीच्या वेळी, दोघं परत आली, तर दारावर दुसरा रखवालदार होता. त्याने हात आडवा केला. आज गर्दी फार, फक्त घरची माणसं आत. त्याच्यापुढे वही होती.

"पेशंटचे तुम्ही कोण?"

"धाकटा भाऊ."

रखवालदाराने लिहिलं. मग पेन तिच्याकडे रोखलं. "आणि या?"

बॅटरीवाल्याने तोंड उघडलं... मिटलं... परत उघडलं. "या म्हणजे... या आमच्या... कामाच्या ठिकाणी..."

मागे रांग वाढत होती.

"होणारी भावजय," ती म्हणाली.

रखवालदाराने मान वर न करता लिहून टाकलं. "जा आत."

बॅटरीवाला जागचा हलेना. मागची माणसं त्याला वळसा घालून जाऊ लागली.

"काय... काय म्हणालीस तू?"

"आता वहीत लिहून झालंय," ती म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, पण तिने त्याचा हात धरला, या वेळी बाहीचं टोक नाही. "चल ना आत. वेळ संपेल."

आणि ती पुढे झाली.